जुना फोन ठेवावा की बदलावा?

जुना स्मार्टफोन बहुधा आधी थकतो तो बॅटरीने. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारण 500 पूर्ण चार्जिंगनंतर 80 टक्क्यांच्या आसपास येते. चांदवडच्या कांद्याच्या शेतात एप्रिलच्या उन्हात तापणाऱ्या फोनची तर त्याहून लवकर. तेवढ्यासाठी नवी बॅटरी पुरते, नवा फोन कशाला? खरी अडचण सुरक्षा-अपडेट थांबल्यावर येते. फोन चालतो, पण त्यावर बँकेचे अ‍ॅप ठेवणे धोक्याचे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो चढवतो; त्याला जीपीएस आणि अ‍ॅप चालेल इतपत ताजे अँड्रॉइड हवे, भारी कॅमेरा नव्हे. 5जी मात्र अपडेटने येत नाही. त्यासाठी फोनमधला मोडेमच तसा असावा लागतो.