गार्ड कुणासाठी?

आपल्या खान्देशात ‘गार्ड’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. मडगार्ड, लेगगार्ड, साडीगार्ड. यातला साडीगार्ड तर अस्सल आपल्या देशातला. मागच्या चाकाच्या बाजूची ती जाळी पुष्कळांना शोभेची वस्तू वाटते. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम तिच्यासाठीच आहे. मागे बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला हवा, असे तो सांगतो. पदर असो, ओढणी असो, की बुरख्याचा घेर, चाकाला सगळे सारखेच. हौसेखातर ही जाळी काढून टाकणारी पोरे मी जळगावात रोज बघतो आणि मागे बसलेल्या बाईच्या पदराकडे माझी नजर जाते.

मी कवितेचा माणूस. गाडीच्या या विषयात मला ओढले ते माझ्या भाच्याने. तो ठिबक सिंचनाची मोजमापे घ्यायला यावल, चोपडा, शिरपूर असा सातपुड्याच्या पायथ्याने हिंडतो. डांबरी सडक संपली की शिवाररस्ता, मग नाला, मग गोटे. त्याने एक्सपल्स २०० ही कच्च्या रस्त्याची गाडी जुनी घेतली आणि म्हणाला, “मामू, हिला काय काय लावून घेऊ?” त्याच्या हातात एक यादी होती. तिच्यातल्या सगळ्या वस्तू घेतल्या असत्या तर त्याचा दोन महिन्यांचा पगार गेला असता. मग आम्ही दोघे धुळ्याच्या एका जुन्या मिस्त्रीकडे जाऊन बसलो. मंडळी, आज तुम्हाला सांगतो आहे ते बरेचसे त्या बैठकीतले.

मिस्त्रीने पहिला प्रश्न विचारला, “पोरगा पडतो कुठे?” दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही. चिखलात पडणारा, गोट्यांवर आपटणारा आणि काट्यातून जाणारा, या तिघांना लागणारे सामान वेगवेगळे.

चिखलापासून सुरुवात करू. आपली काळी कपाशीची जमीन पाणी पिऊन फुगते आणि चाकाला लोण्यासारखी चिकटते. रोजच्या वापरातल्या गाडीत पुढचा मडगार्ड टायरला अगदी लगटून असतो. मधल्या फटीत माती भरते, तिच्यात पऱ्हाट्यांचा भुसा मिसळतो आणि शे-दोनशे पावलांत चाक जाम. ‘गाडी फसनी’ म्हणतात ती अशी. मग शेतकरी काठीने माती उकरत बसतो. पावसाळ्यात पुढचा मडगार्ड सोडून घरी ठेवणारेही मी पाहिले आहेत. कच्च्या रस्त्याच्या गाडीचा मडगार्ड चोचीसारखा उंच असतो तो याचसाठी. माती पडून जायला त्याखाली जागा राहते. काही पोरे दिसायला बरे म्हणून उंच मडगार्डच्या खाली आणखी एक बुटका बसवून घेतात. विदर्भ-खान्देशच्या मातीत हा पैसे देऊन विकत घेतलेला त्रास आहे.

आता गोटे. स्प्लेंडरचे पोट जमिनीपासून १६५ मिलिमीटरवर असते, एक्सपल्स २०० चे २२० वर. हा दोन बोटांचा फरक नाल्यात जाणवतो. तरी गोटा उडतोच, आणि इंजिनाच्या तळाला तडा गेला की तेल वाहून जाते. चेंबर फुटले, की दहा मिनिटांत इंजिनही गेले. म्हणून इंजिनाखालची बॅश प्लेट ही सगळ्यांत मोलाची. या गाडीला कंपनीची प्लेट येते, पण ती कुठवर झाकते ते खाली वाकून पाहावे. अॅल्युमिनियमची प्लेट हलकी असते. लोखंडी जड असते, पण वाकली तर गावातला लोहारही ठोकून सरळ करतो. डोंगरात नेहमी जाणाऱ्याने पुरेशी जाड अॅल्युमिनियमची घ्यावी, असे मिस्त्रीचे मत. माझे मत लोखंडाकडे झुकते, कारण धडगावच्या वाटेवर अॅल्युमिनियमचा वेल्डर कुठून आणायचा? धातू कोणताही असो, तीन गोष्टी बघाव्यात. प्लेट चौकटीला धरलेली असावी, इंजिनाच्या बोल्टला टांगलेली नसावी. नाहीतर धक्का थेट इंजिनालाच पोचतो. तेल बदलायच्या बोल्टपाशी भोक असावे. आणि पाणी-चिखल निघून जायला वाट असावी, कारण प्लेट आणि इंजिन यांत वाळलेली माती उष्णता धरून ठेवते. आपल्याकडचा मे महिना तर ठाऊकच आहे.

हँडगार्डबाबत फसगत जास्त होते. दुकानात दोन प्रकार मिळतात. एक नुसत्या प्लास्टिकचा. तो वारा आणि फांद्या अडवतो, पण गाडी पडली तर तोच आधी तुटतो. दुसऱ्याच्या आत अॅल्युमिनियमची पट्टी असते, आणि ती हँडलला दोन ठिकाणी घट्ट धरलेली असते. खरे काम दुसऱ्याचे. गाडी आडवी झाली की सगळ्यांत आधी मोडतो क्लचचा नाहीतर ब्रेकचा लिव्हर, आणि क्लच लिव्हर मोडलेली गाडी डोंगरातून आणणे म्हणजे हाल. इंग्लंडात कार्लाइलला १९१३ साली गाड्यांची सहा दिवसांची एक कठीण स्पर्धा सुरू झाली, ती अजून देशोदेशी भरते. तिथे गाडी बिघडली तर स्वाराने स्वतःच दुरुस्त करायची. आपल्या सातपुड्यातही नियम तोच, फक्त बक्षीस नाही. पैसे नसतील त्याच्यासाठी मिस्त्रीची फुकटची युक्ती: लिव्हरची पकड हँडलवर अगदी करकचून आवळू नका. पडल्यावर लिव्हर थोडा फिरला तर मोडत नाही. जास्तीचा एक लिव्हर सीटखाली ठेवावा, तो तर स्वस्तच.

लेगगार्ड मात्र मी सांगूनही भाच्याने मोठा घेतला नाही, आणि तो त्याच्या जागी बरोबर आहे. राजदूतवर दुधाचे कॅन वाहणाऱ्यांना रुंद लेगगार्ड लागायचा. गाडी सडकेवर घसरली तर पाय वाचायचा. पण केळीच्या बागेतून, दोन दगडांच्या मधून जाताना तोच लेगगार्ड अडकतो आणि गाडीला हिसका देऊन वळवतो. टाकीलगत राहणारा आखूड, चौकटीला किमान दोन-तीन ठिकाणी धरणारा गार्ड त्याच्यासाठी ठीक. बाजारातले एकाच बोल्टवरचे चकचकीत नळीचे गार्ड पडल्यावर वाकून इंजिनालाच टेकतात.

काट्यांना गार्ड नाही. बाभळीचा काटा टायरमधून आरपार जातो, आणि या गाडीच्या तारांच्या चाकांत ट्यूब असते. पुढचे चाक २१ इंची, मागचे १८. २१ ची ट्यूब खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे मिळत नाही. म्हणून सोबत तीच ठेवावी. अडचणीला ती मागच्या चाकात घालूनही घरापर्यंत येता येते, उलटे मात्र साधत नाही.

खडबडीत टायरची हौस मोजून करावी. मोठ्या गठ्ठ्यांचे टायर चिखलात पकडतात, पण ओल्या डांबरावर ब्रेक मारला की घसरतात. भाच्याचा निम्म्याहून जास्त प्रवास डांबरावर, तेव्हा मधल्या जातीचे घ्यायला सांगितले. सायलेन्सर बदलणे यादीतून मी स्वतः खोडले. मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५२ वे कलम गाडीत मनमानी बदल करू देत नाही. शिवाय त्या आवाजाने गाडीचे काहीच वाचत नाही, वस्तीवरची म्हातारी माणसे तेवढी दचकतात.

यादीत नव्हते ते मिस्त्रीने शेवटी लिहिले आणि सगळ्यांत वर लिहिले: आयएसआय शिक्क्याचे, तोंड झाकणारे हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड, घोट्याच्या वर येणारे बूट. भाचा म्हणाला, “चव्वेचाळीस डिग्रीत गुडघ्याला हे बांधून कोण फिरेल, मामू?” प्रश्न खोटा नाही. ऊन असे की डोक्याला बांधलेला रुमालसुद्धा नकोसा होतो. पण या गार्डला पँटच्या आत घालायचे जाळीचे प्रकार आहेत, आणि कच्च्या वाटेवर वेग वीस असला तरी माणूस पडतो तो आधी गुडघ्यावर. इंजिनाचे चेंबर बदलून मिळते. शेवटी प्लेटची खरेदी त्याने महिनाभर पुढे ढकलली आणि बूट-हेल्मेट आधी आणले. माझ्या बहिणीला ही बातमी मीच फोनवर सांगितली.

हे सगळे बसवून घेतल्यावर एक काम उरते. नवे गार्ड पहिल्या शंभर किलोमीटरांत ढिले होतात. गाडी थंड असताना प्रत्येक बोल्ट पाना लावून पाहावा, फिरत असेल तर काढून त्याला लॉकनट घालावा.