वृद्ध फेरेटची गळणारी लाळ : दुखणे दातांचे की रक्तशर्करेचे?

पाळीव फेरेट साधारणपणे पाच ते आठ वर्षे जगतो. म्हणजेच वयाच्या चौथ्या वर्षाच्या आसपास त्याचे वार्धक्य सुरू होते. या वयात त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली किंवा तो पंजाने तोंड खाजवू लागला, तर दात दुखत असावा, असे पालकांना वाटते. हा तर्क खरा असू शकतो. मात्र रक्तातील साखर धोकादायकरीत्या घटल्यावरही नेमकी हीच लक्षणे दिसतात.

फेरेट मुंगसासारखा दिसत असला, तरी तो पाणमांजराच्या कुळातील आहे. या पूर्णतः मांसाहारी प्राण्याला प्रौढपणी ३४ दात असतात. पिंजऱ्याच्या सळ्या चावण्याच्या सवयीमुळे त्याच्या लांब सुळ्यांची टोके अनेकदा तुटतात. तुटलेल्या जागी गुलाबी किंवा काळा ठिपका दिसल्यास दाताचा गाभा उघडा पडलेला असू शकतो आणि तेथून संसर्ग मुळापर्यंत पोहोचतो. वरच्या दाढांच्या बाहेरील बाजूस कीटण साचते. लालसर हिरड्या, दुर्गंधी आणि खाताना घास पडणे ही दंतविकाराची चिन्हे होत.

लहान, मऊ ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या कापडाने आठवड्यातून किमान दोन-तीनदा दात स्वच्छ करावेत. त्यासाठी प्राण्यांकरिता तयार केलेलीच पेस्ट वापरावी. माणसांच्या टूथपेस्टमधील फ्लोराइड आणि झायलिटॉल पोटात गेल्यास अपाय होतो. मनुके व गोड खाऊ टाळावा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून नोंद ठेवावी.

मध्यमवयीन व वृद्ध फेरेटमध्ये स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणारी गाठ, म्हणजेच इन्सुलिनोमा, वारंवार आढळते. शून्यात नजर लावणे, मागचे पाय लटपटणे किंवा गाढ सुस्ती लाळेसोबत दिसली, तर हिरड्यांना कापसाच्या बोळ्याने किंचित मध लावावा, शुद्धीवर येताच मांसाहार द्यावा आणि तातडीने पशुवैद्यांकडे न्यावे. झटका आलेला असताना तोंडात बोट घालू नये.

हिरडीखालील कीटण केवळ भूल देऊनच नीट काढता येते. भूल देण्यापूर्वी रक्तशर्करेची तपासणी आवश्यक ठरते; कारण फेरेटची पचनक्रिया अतिशय जलद असते आणि इतर प्राण्यांप्रमाणे त्याला रात्रभर उपाशी ठेवल्यास साखर घसरते. उपवास सामान्यतः तीन-चार तासांपेक्षा अधिक नसावा.

दूरवरून येणाऱ्या पालकांनी हा हिशेब विशेष काळजीने मांडावा. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातून लुधियानातील गुरू अंगद देव पशुवैद्यकीय विद्यापीठ सुमारे १०० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरावरील कोणत्याही रुग्णालयात जाताना प्रवासाचा वेळही उपवासात मोजावा लागतो. शिवाय ३० अंशांपुढील तापमान फेरेटला सोसत नाही. म्हणून उन्हाळ्यात पहाटे, वातानुकूलित वाहनातून निघणे श्रेयस्कर. फेरेटवर उपचारांचा अनुभव असलेले पशुवैद्य उपलब्ध आहेत का आणि शेवटचा घास किती वाजता द्यावा, हे दोन प्रश्न दूरध्वनीवर आधीच विचारून घ्यावेत.