लॅपटॉपला वाट, राऊटरला मज्जाव

केबलवाल्याची तार थेट लॅपटॉपला लावली की इंटरनेट सुरू होते. तीच तार नव्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये घातली की वायफायचे नाव दिसते, पासवर्डही लागतो, पण एकही पान उघडत नाही. कोपरखैरण्याच्या एका वाचकाने कळवलेली ही अडचण नवी मुंबईत इतकी सर्रास आढळते की, आतल्या खोलीपर्यंत वायफाय पोहोचवण्याचा कबूल केलेला विषय पुढे ढकलून हा सगळा भाग तिलाच दिला आहे.

लॅपटॉपवर इंटरनेट चालते म्हणजे तार, जिन्यातल्या डब्यातला स्विच आणि महिन्याचे पैसे ही तिन्ही ठीक आहेत. मागील भागातली दिव्यांची तपासणी येथे उपयोगाची नाही. राऊटरचा वॅनचा दिवा लागत असेल तर ते पोर्टही बहुधा शाबूत आहे. मग संशय एकाच गोष्टीवर येतो: तारेच्या पलीकडचे यंत्र लॅपटॉपला ओळखते, राऊटरला ओळखत नाही. ही ओळख मॅक क्रमांकावरून पटते.

इथरनेट किंवा वायफायने जोडल्या जाणाऱ्या यंत्राला कारखान्यातच ४८ बिटांचा क्रमांक दिलेला असतो. तो बारा चिन्हांत लिहितात: ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे. पहिली सहा चिन्हे उत्पादकाची. ती आयईईई ही संस्था वाटून देते. उरलेली सहा उत्पादक आपल्या हिशेबाने भरतो. या क्रमांकात ओ हे अक्षर कधीच नसते. लेबलवर तसे दिसले तर ते शून्य समजावे. आठ आणि बी यांची गल्लत मात्र हटकून होते, आणि केबलवाल्याला फोनवरून क्रमांक सांगताना तीच नडते.

हा क्रमांक एवढा लांब ठेवण्यामागे एका मुंबईकर आयआयटीयनचा मोठा वाटा आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत १९७३ साली इथरनेटची कल्पना पुढे आली, तेव्हा यंत्राला अवघ्या ८ बिटांचा क्रमांक होता. एका तारेवर जेमतेम अडीचशे यंत्रे मावत, आणि दुसऱ्या इमारतीतल्या तारेवर तेच क्रमांक पुन्हा वापरलेले असत. योगेन दलाल १९७२ साली पवईच्या आयआयटीतून पदवी घेऊन स्टॅनफर्डला गेले. तेथे विंटन सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासह त्यांनी डिसेंबर १९७४ मध्ये टीसीपीचा पहिला तपशीलवार आराखडा लिहिला. पुढे झेरॉक्समध्ये असताना रॉबर्ट प्रिंटिस यांच्यासह १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी ४८ बिटांची बाजू मांडली: यंत्र कोणत्याही तारेला जोडा, त्याचा क्रमांक साऱ्या जगात एकमेव असला पाहिजे. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी क्रमांक बसतात. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी १९८० साली जाहीर केलेल्या इथरनेटच्या मानकात हीच लांबी ठरली. यंत्र कुठेही नेले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याशी भिडू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. ग्राहकावर पहारा ठेवण्याचे काम त्याच्या गळ्यात नंतर पडले.

ते कसे पडले, हे खाडीच्या अलीकडे नीट दिसते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वाशी, नेरूळ, कोपरखैरणे असे एकेक नोड सेक्टर पाडून वसवले. दाटीने उभ्या इमारतींत गच्चीवरून गच्चीवर तार टाकणे सोपे होते. टीव्हीची केबल ज्यांनी घरोघर नेली, त्यांतल्याच अनेकांनी इंटरनेटचीही नेली. एका जोडणीवर एक घर हा त्यांचा हिशेब. पण या तारेला मीटर नसतो. एका घरात स्वस्तातला स्विच बसवून शेजारच्या दोन घरांना तार दिली तर तीन घरे एकाच भाड्यात भागतात. म्हणून पहिल्या दिवशी जे यंत्र जोडले त्याचा मॅक क्रमांक नोंदवून घ्यायचा आणि दुसऱ्याला दार बंद करायचे, अशी पद्धत पडली. केबलवाल्याकडची मुले तिला ‘मॅक बाइंडिंग’ म्हणतात. राऊटर आल्यावर घरातली सगळी यंत्रे त्याच्या एकाच क्रमांकाआड जाऊ लागली, तरी नोंदीची सवय सुटली नाही.

ही ओळख कुठे आणि किती काळ लक्षात ठेवली जाते, हे जोडणीच्या प्रकारावर ठरते.

पहिला प्रकार टीव्हीच्या जाड गोल तारेतून येणाऱ्या इंटरनेटचा. त्यासाठी केबल मोडेम लागतो. मोडेम सुरू झाला की आधी सिग्नल शोधतो, मग केबल कंपनीकडून एक फाइल उतरवून घेतो. मोडेममागे किती यंत्रांना वाट द्यायची, हे त्या फाइलमध्ये लिहिलेले असते, बहुधा एकालाच. जे यंत्र आधी जोडले त्याचा क्रमांक मोडेम धरून ठेवतो आणि बंद होईपर्यंत सोडत नाही. लॅपटॉप काढून राऊटर लावला तरी मोडेमच्या लेखी जागा भरलेलीच असते. उपाय साधा: मोडेम बंद करावा, तार राऊटरच्या वॅन पोर्टला लावावी, मोडेम सुरू करावा, त्याचा ऑनलाइनचा दिवा स्थिर झाल्यावर मगच राऊटर सुरू करावा. येथे एक गोची होते. अनेक घरांत मोडेम मिनी यूपीएसवर असतो. भिंतीवरचे बटण बंद केले तरी तो चालूच राहतो आणि जुनी ओळख घट्ट धरून बसतो. म्हणून मोडेमच्या पाठीत खुपसलेली पिनच काढावी.

दुसरा प्रकार गच्चीवरून आलेल्या लॅन तारेचा. येथे नोंद केबलवाल्याच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे घरातली बटणे कितीही दाबली तरी ती पुसली जात नाही. मार्ग दोन. फोन करून ‘मॅक रीसेट करा’ असे सांगावे. सर्व्हर जुना क्रमांक विसरतो आणि पुढे जोडलेले पहिले यंत्र नोंदवतो. किंवा राऊटरला लॅपटॉपचा क्रमांक लावावा. राऊटरच्या सेटिंग्जच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट या सदरात मॅक क्लोनची सोय असते.

त्या पानावरचे क्लोनचे बटण मात्र फसवे आहे. ज्या यंत्रावरून पान उघडले आहे, त्याचा क्रमांक ते उचलते. लॅपटॉपला लॅन पोर्टचा एक क्रमांक असतो आणि वायफायचा दुसरा. केबलवाल्याकडे नोंद आहे ती लॅन पोर्टची. वायफायवरून पान उघडून बटण दाबले, तर सर्व्हरने कधी न पाहिलेला क्रमांक राऊटरला चिकटतो. मोबाइलवरून उघडले तर आणखी पंचाईत, कारण हल्लीचे फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा, बनावट क्रमांक दाखवतात. लॅपटॉपला लॅन पोर्टच नसेल आणि तार यूएसबी अ‍ॅडॉप्टरमधून जोडली असेल, तर नोंद त्या अ‍ॅडॉप्टरची असते. म्हणून लॅपटॉप तारेने राऊटरच्या लॅन पोर्टला जोडूनच क्लोन करावे, किंवा विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली दिसणारा फिजिकल अ‍ॅड्रेस हाताने भरावा.

केबलवाल्याला राऊटरचा क्रमांक कळवायचा असेल तर तो खालच्या लेबलवरून वाचू नये. अनेक राऊटरांच्या लेबलवर लॅन बाजूचा क्रमांक छापलेला असतो आणि वॅनचा त्याहून शेवटच्या एका चिन्हाने वेगळा निघतो. स्टेटसच्या पानावर वॅनखाली जो दिसेल तोच खरा.

याच प्रकारात बऱ्याच ठिकाणी पीपीपीओई असते, म्हणजे जोडणीसाठी युजरनेम आणि पासवर्ड. लॅपटॉपवर ते आधीच भरलेले असल्याने लक्षात येत नाही. राऊटरमध्ये वॅनचा प्रकार पीपीपीओई निवडून ते पुन्हा भरावे लागतात. भरूनही जोडणी होत नसेल तर लॅपटॉपचे जुने सेशन सर्व्हरवर अडकलेले असू शकते. काही मिनिटे थांबावे, नाहीतर फोनवर ‘सेशन क्लिअर करा’ असे सांगावे.

तिसरा प्रकार फायबरचा. येथे केबलवाला ओएनटी या डबीची नोंद ठेवतो, त्यामुळे मागे लावलेल्या राऊटरला सहसा अडवणूक होत नाही. अडते ते दुसरीकडे: ओएनटी स्वतःच राऊटरचे काम करत असेल आणि तिचा व नव्या राऊटरचा घरातला पत्ता १९२.१६८.१.१ असा एकच असेल, तर आत कोण आणि बाहेर कोण हे राऊटरला कळेनासे होते. राऊटरचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ केला की काम होते.

गुंता कुठे आहे हे राऊटरच्या स्टेटसच्या पानावर वॅनचा आयपी पत्ता पाहून ताडता येते. ०.०.०.० असेल तर पलीकडून पत्ताच मिळालेला नाही: मॅक, सेशन किंवा चुकीचा पासवर्ड. १९२.१६८ ने सुरू होणारा असेल तर बहुधा पुढे आणखी एक राऊटर आहे. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर घाबरण्याचे कारण नाही; अनेक ग्राहकांना एका बाहेरच्या पत्त्यामागे बसवण्यासाठी २०१२ पासून हा पट्टा राखून ठेवला आहे. पत्ता मिळूनही पाने उघडत नसतील तर दोष ओळखीचा नसून डीएनएसचा किंवा थकलेल्या बिलाचा असण्याचा संभव अधिक.

दोन पथ्ये पाळावीत. क्लोन केल्यावर तोच लॅपटॉप आणि राऊटर एकाच वेळी केबलवाल्याच्या स्विचला जोडू नयेत. एकाच क्रमांकाची दोन यंत्रे दिसली की स्विच कधी इकडे, कधी तिकडे माहिती पाठवतो आणि दोन्हीकडचे इंटरनेट तुटक होते. दुसरे, टाचणीने रीसेटचे बटण दाबण्याआधी युजरनेम, पासवर्ड, वॅनचा प्रकार आणि क्लोन केलेला क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. रीसेटमुळे हे चारही पुसले जातात आणि नुसता अडलेला राऊटर कोरा होऊन बसतो.

(पुढील भागात : आतल्या खोलीतले वायफाय)