कोंबडीत मुकाट, माणसात आक्रमक

जानेवारी २०२५. सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागांत धडधाकट माणसांच्या पायांतलं बळ काही दिवसांत गेलं. काहींना व्हेंटिलेटर लागला. पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले आणि ‘जीबीएस’ (गिलान-बारे सिंड्रोम) ही तीन अक्षरं घरोघरी पोचली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) तपासलेल्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू मिळाला, काहींत नोरोव्हायरस.

हा जीवाणू कोंबडीच्या आतड्यात राहतो आणि कोंबडीला सहसा काही होत नाही. माणसाच्या पोटात गेला, की ताप, मुरडा, रक्ताचे जुलाब.

फरक पडतो तो कोणती जनुकं कधी चालू होतात यामुळे. ई. कोलायकडे ताण आला की शेकडो जनुकं हलवणारं ‘आरपीओएस’ नावाचं प्रथिन असतं. जेमतेम १६ लाख अक्षरांच्या जनुकसंचावर जगणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरकडे ते नाही, तरी त्याचं अडत नाही. रॅकएस आणि रॅकआर या प्रथिनांच्या जोडीतलं पहिलं पेशीच्या पटलात बसून बाहेरच्या बदलाची वर्दी घेतं, दुसरं डीएनएला चिकटून जनुकं वर-खाली करतं. रॅकआर बिघडवलेला जीवाणू ४२ अंशांना, म्हणजे कोंबडीच्या अंगच्या उष्णतेत, नीट वाढत नाही.

पित्त खरं तर जीवाणूंचा कर्दनकाळ. इथे मात्र पित्ताची चाहूल लागताच सिया प्रथिनं तयार होतात आणि जीवाणूच्या पोहण्याच्या शेपटीच्या यंत्रणेतून बाहेर पडून आतड्याच्या पेशीत शिरायला मदत करतात. त्याच वेळी पटलातला एक पंपही जोरात चालू होतो. तो पित्त बाहेर फेकतो आणि सोबत काही प्रतिजैविकंही. पोटातल्या ताणाशी झुंजताना जीवाणू औषधालाही थोडा निबर होतो, ही गोष्ट डॉक्टरांची डोकेदुखी वाढवणारी आहे.

सर्वांत चटका लावणारा भाग त्याच्या आवरणावरच्या शर्करेचा. काही वाणांत तिची ठेवण आपल्या मज्जातंतूंवरच्या जीएम-१ या रेणूसारखी असते. जीवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मग स्वतःच्याच नसांवर तुटून पडतात आणि जीबीएस होतो. संसर्ग झालेल्या हजारांत साधारण एखाद्यावरच ही वेळ येते. प्रयोगशाळेत एका वाणाला ३७ अंशांना वाढवलं तेव्हा जवळपास सगळी शर्करा या सोंगातली निघाली. ४२ अंशांना मात्र सोंग नसलेल्या आखूड शर्करेचं प्रमाण बरंच वाढलं. माणसाच्या उबेत सोंग अधिक पक्कं होतं, असंच त्या वाणापुरतं तरी दिसतं.

शरीराबाहेर, पाण्यात गोष्ट उलटी: तिथे तो दडून बसतो. थंडी आणि उपासमारीत मळसूत्री जीवाणू गोल होतो, जिवंत राहतो, पण प्रयोगशाळेतल्या प्लेटवर उगवत नाही. रिकामी प्लेट पाहून विहिरीला निर्दोष ठरवणं म्हणूनच धोक्याचं. पाण्यात पीसीआरने त्याच्या जनुकांचा माग काढावा लागतो. खळखळून उकळलेलं पाणी, पुरेसं क्लोरिन आणि आतपर्यंत शिजलेलं चिकन यांपुढे मात्र त्याचा टिकाव लागत नाही.