शांत बेटाची निवड : छायाचित्राआधी नौकांचे वेळापत्रक पाहणे हिताचे

सुपेला (भिलाई), ८ जानेवारी : छत्तीसगडला समुद्रकिनारा नाही. पोलाद कारखान्याच्या उभारणीपासून भिलाईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना सागरदर्शनासाठी एकतर कोकणातील आजोळ गाठावे लागते किंवा रेल्वेने विशाखापट्टणम, पुरी अथवा कोलकात्याकडे वळावे लागते. लग्नसराईनंतर सुपेला बाजारपेठेत सहलीची चौकशी करणाऱ्या जोडप्यांची मागणी बहुधा एकसारखी असते. त्यांना गर्दी नसलेले बेट, स्वच्छ किनारा आणि थोडा नौकाविहार हवा असतो. रजा मात्र सात-आठ दिवसांचीच असते आणि त्यासाठी साठवलेली रक्कमही मर्यादित असते. एवढ्या अल्प अवधीत बेटाची निवड चुकली, तर ती चूक दुरुस्त करण्यास वाव राहत नाही.

ही निवड प्रायः छायाचित्रे पाहून केली जाते. छायाचित्रातील किनारा निर्मनुष्य दिसतो. परंतु तो कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी निर्मनुष्य असतो, हे त्यावरून कळत नाही. बेटावरील शांतता मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते. दिवसाला तेथे किती नौका येतात, शेवटची नौका किती वाजता परतते आणि बेटावर रात्रीच्या मुक्कामाची सोय आहे किंवा नाही, या त्या तीन गोष्टी होत. सकाळी येऊन सायंकाळी परतणाऱ्या प्रवाशांनी गजबजलेला किनाराही शेवटची नौका सुटल्यानंतर निवांत होतो. म्हणूनच शांततेच्या शोधात निघालेल्या जोडप्याने ‘कोणते बेट’ या प्रश्नाआधी ‘कोणता महिना’ आणि ‘किती रात्री’ हे दोन प्रश्न सोडवणे इष्ट ठरते.

ऋतूचे बंधन

भारताच्या दोन्ही बाजूंच्या बेटांचे ऋतुमान सारखे नाही. कोकण आणि लक्षद्वीप येथे नैऋत्य मोसमी पावसाच्या काळात समुद्र खवळलेला असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील जलक्रीडा आणि किल्ल्यांकडे जाणारी प्रवासी होडी वाहतूक साधारणतः मे महिन्याच्या अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद ठेवली जाते. या बाजूच्या सहलीसाठी ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून मेच्या पूर्वार्धापर्यंतचा काळ अनुकूल मानला जातो.

अंदमानात नैऋत्य मोसमी वारे मे महिन्यातच, मुख्य भूमीच्या आधी, पोहोचतात. त्यानंतर परतीच्या पावसाचा आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ येतो. तो डिसेंबरपर्यंत लांबू शकतो. नाताळच्या सुटीत तेथे गर्दी उसळते, पण समुद्र त्या वेळी भरवशाचा असतोच असे नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे नौका बंद पडल्या आणि तेव्हाच्या हॅवलॉक व नील या बेटांवर सुमारे १,४०० पर्यटक अडकून पडले. त्यांच्या सुटकेसाठी नौदलाला पाचारण करावे लागले. ज्यांना समुद्र शांत आणि पाणी नितळ हवे असेल, त्यांच्यासाठी फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने अधिक योग्य आहेत. वार्षिक परीक्षांच्या दिवसांत कुटुंबांची वर्दळही तुलनेने कमी असते.

कोकण आणि गोवा : जवळीक अधिक, मुक्काम कमी

मराठी माणसाच्या मनात बेट म्हटले की मालवणचा सिंधुदुर्ग उभा राहतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या जलदुर्गाची उभारणी सुरू केली. मालवणच्या धक्क्यावरून होडीने तेथे थोड्या वेळात पोहोचता येते आणि किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. तथापि सिंधुदुर्ग, जंजिरा किंवा मुंबईजवळील घारापुरी ही प्राधान्याने दिवसभरात पाहून परतण्याची ठिकाणे आहेत. दुपारच्या गर्दीत तेथे एकांताची अपेक्षा करणे व्यर्थ होय. या भागात निवांतपणा हवा असल्यास मुक्काम किनाऱ्यावर करावा आणि किल्ला सकाळच्या पहिल्या होडीने पाहावा. मालवणजवळील देवबाग हे बेट नसून कर्ली नदी आणि समुद्र यांमधील भूमीची चिंचोळी पट्टी आहे. मात्र एका बाजूस खाडी आणि दुसऱ्या बाजूस सागर असल्याने नौकाविहार व किनारा या दोन्ही अपेक्षा तेथे पूर्ण होतात.

गोव्यात मांडवी नदीच्या पात्रातील दिवाडी आणि चोडण ही बेटे किनारपट्टीच्या गजबजाटापासून अलिप्त आहेत. फेरीबोटीने नदी ओलांडली की जुनी घरे, शेते आणि चोडणच्या टोकाशी असलेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. ही नदीतील बेटे असल्याने तेथे पुळण नाही, हे मात्र आधीच जाणून घ्यावे.

लक्षद्वीप : सुरक्षित पाणी, मर्यादित प्रवेश

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे असून त्यांपैकी केवळ १० बेटांवर लोकवस्ती आहे. सर्व बेटांची एकत्रित भूमी सुमारे ३२ चौरस किलोमीटर भरते. येथील वैशिष्ट्य म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेले उथळ सरोवरासारखे पाणी. खुल्या समुद्राच्या लाटा त्या कड्यावर फुटतात आणि आतले पाणी संथ राहते. त्यामुळे वल्ह्याची लहान होडी चालवणे किंवा पोहण्याचा सराव करणे नवख्यांनाही सुलभ जाते. नौकाविहार हाच सहलीचा मुख्य हेतू असेल, तर कदमत आणि बंगारामसारखी बेटे त्या दृष्टीने सरस आहेत.

येथे जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना घ्यावा लागतो. विमानतळ एकमेव आगत्ती बेटावर आहे. जहाजे कोचीहून सुटतात आणि त्यांतील जागा मर्यादित असतात. परवाना हाती येण्यापूर्वी रायपूर–कोची विमानाची परत न मिळणारी तिकिटे काढणे धोक्याचे ठरू शकते. बंगाराम वगळता सर्वत्र मद्यबंदी आहे. प्रवाळभूमीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर हाच बेटांचा पारंपरिक जलसाठा आहे. कवरत्तीवर २००५ पासून समुद्राचे पाणी गोडे करणारे संयंत्र चालवले जाते, यावरून तेथील पाण्याचे मोल ध्यानात यावे. पर्यटकांच्या संख्येवरील मर्यादेमागे हेही एक कारण आहे आणि तेथील निवांतपणा त्याच मर्यादेतून लाभला आहे.

अंदमान : पर्याय अनेक, अंतरे मोठी

अंदमान-निकोबार द्वीपसमूहात ८०० हून अधिक बेटे व खडक असले, तरी लोकवस्ती मोजक्याच बेटांवर आहे. पर्यटकांचा ओघ प्रामुख्याने स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (पूर्वीचे नील) यांच्याकडे असतो. ३० डिसेंबर २०१८ रोजी या बेटांना ही नावे देण्यात आली. राजधानी पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम असे करण्यात आले. जुनी आणि नवी दोन्ही नावे व्यवहारात असल्याने तिकिटे काढताना ती पडताळून पाहावीत.

स्वराज द्वीप मोठे असून राधानगर किनारा, पाण्याखाली बुडी मारण्याची केंद्रे आणि निवासाचे विविध पर्याय तेथे आहेत; अर्थात गर्दीही तेथेच अधिक असते. शहीद द्वीप लहान, सपाट आणि शेतीप्रधान आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना साठच्या दशकात तेथे वसवण्यात आले आणि आज ते भाजीपाल्यासाठी ओळखले जाते. तेथे सायकलीवरून सहज फिरता येते. धक्क्यालगतचा भरतपूर किनारा नौकांच्या वेळेत गजबजतो. मात्र सूर्योदयाच्या सुमारास सीतापूर आणि सूर्यास्तास लक्ष्मणपूर किनारा तुलनेने मोकळा मिळतो. बहुतांश प्रवासी हे बेट काही तासांत पाहून पुढे जातात. तेथे तीन रात्री राहणाऱ्या जोडप्याला त्यामुळेच हवी ती शांतता मिळू शकते.

याहून एकांत हवा असल्यास रंगतजवळील लाँग आयलंडचा विचार करता येतो. तेथील लालाजी बे किनाऱ्यावर होडीने किंवा जंगलातील वाटेने जावे लागते. परंतु शासकीय नौकांच्या फेऱ्या मोजक्या असल्याने सात दिवसांच्या रजेत हे ठिकाण बसवणे जिकिरीचे आहे. दिगलीपूरजवळील रॉस व स्मिथ ही जुळी बेटे ओहोटीच्या वेळी वाळूच्या पट्टीने जोडली जातात. मात्र तेथे रात्री राहता येत नाही.

शांत आणि वस्तीपासून दूर असलेले प्रत्येक बेट पर्यटकांसाठी खुले नसते, याचेही भान राखावे लागते. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमानुसार आरक्षित क्षेत्रांत प्रवेश करणे आणि तेथील रहिवाशांची छायाचित्रे घेणे निषिद्ध आहे. स्थानिक नावाडी तयार झाला, तरी अशा ठिकाणी जाणे गुन्हाच ठरते.

भरती-ओहोटीचे गणित

बेटावरील दिवसाची आखणी घड्याळाइतकीच भरती-ओहोटीवर करावी लागते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते. कोकणात पक्षाच्या तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा पारंपरिक आडाखा प्रचलित आहे. उदाहरणार्थ, चतुर्थीस चारची पाऊणपट म्हणजे सुमारे तीन वाजता भरती असते. हा आडाखा कोकण किनाऱ्यापुरताच उपयुक्त आहे. अंदमान किंवा लक्षद्वीपसाठी स्थानिक भरती-कोष्टक पाहावे. शहीद द्वीपावरील लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकपूल ओहोटीलाच जवळून पाहता येतो. भारतभर एकच प्रमाणवेळ असल्याने अंदमानात सूर्यास्त सायंकाळी साडेपाचच्या सुमारास होतो, हेही भिलाईहून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. जलक्रीडा आणि नौकाविहार सकाळीच उरकणे श्रेयस्कर असते.

नौकेत बसण्यापूर्वी

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट धडकली. या दुर्घटनेत १५ जणांचा मृत्यू झाला. दिवसाढवळ्या आणि किनाऱ्यापासून फार दूर नसताना घडलेल्या या प्रसंगानंतर लाइफ जॅकेटचा मुद्दा ऐरणीवर आला. जॅकेट बोटीत असणे पुरेसे नाही. ते अंगात घालून त्याचे पट्टे आवळलेले असणे आवश्यक असते. बोटीची अनुज्ञप्त प्रवासीसंख्या विचारणे, ती ओलांडलेली दिसल्यास पुढील फेरीची वाट पाहणे आणि हवामान विभागाचा तसेच हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ या संस्थेचा लाटांविषयीचा इशारा पाहणे, एवढी दक्षता प्रत्येक प्रवाशाला घेता येते. अंदमानातील काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरींचे इशारा फलक आहेत. तेथे पाणी कितीही नितळ दिसले, तरी उतरू नये. प्रवाळ उचलून आणणे वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

भिलाईहून सात दिवसांची आखणी

दुर्गहून विशाखापट्टणमला सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारत एक्सप्रेस धावते आणि सुमारे आठ तासांत समुद्र गाठून देते. विशाखापट्टणम, चेन्नई व कोलकाता येथून अंदमानास प्रवासी जहाजे जातात. परंतु त्यांचा प्रवास दोन ते तीन दिवसांचा असल्याने अल्प रजेत विमान हाच व्यवहार्य मार्ग उरतो. पहिल्या दिवशी रायपूरहून कोलकाता किंवा चेन्नई गाठावे. दुसऱ्या दिवशी श्री विजयपुरमला उतरून सेल्युलर जेल पाहावे. तिसऱ्या दिवशी सकाळच्या नौकेने शहीद द्वीपास जाऊन तेथे तीन रात्री मुक्काम करावा. सहाव्या दिवशी राजधानीत परतावे आणि सातव्या दिवशी परतीचे विमान धरावे.

या आखणीत सहाव्या दिवशीची रात्र वाया जाते, असे अनेकांना वाटते आणि तेथेच काटछाट केली जाते. वस्तुतः हीच रात्र संपूर्ण सहलीचा विमा होय. नौका रद्द झाल्यास किंवा उशिरा सुटल्यास त्या एका रात्रीमुळे विमान चुकण्याचा धोका टळतो. पाण्याखाली स्कूबा बुडी मारल्यानंतर १८ ते २४ तास विमानप्रवास टाळावा लागतो. तो अवधीही यातच सामावतो.

ज्यांना एवढा प्रवास किंवा खर्च शक्य नाही, त्यांच्यासाठी ओडिशातील चिलिका सरोवर हा मध्यम पर्याय आहे. रंभा किंवा बरकुल येथे राहून सरोवरातील लहान बेटांकडे होडीने जाता येते आणि सातपाड्याकडील भागात इरावदी डॉल्फिन दिसतात. त्याहून जवळ, धमतरी जिल्ह्यातील महानदीवरच्या गंगरेल धरणात नौकाविहाराची सोय आहे. बोटीच्या हेलकाव्यांनी त्रास होतो किंवा नाही, हे तेथे एका रविवारी पडताळून पाहता येते. समुद्रातील दोन तासांच्या प्रवासाचे तिकीट काढण्यापूर्वी अशी चाचणी घेणे अनेक जोडप्यांच्या हिताचे ठरेल.

फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान निघू इच्छिणाऱ्यांनी प्रथम रजेच्या तारखा निश्चित कराव्यात, त्यानंतर नौकेची तिकिटे, मग निवास आणि शेवटी विमान, या क्रमाने उपलब्धता तपासावी. चारही जुळत असतील तेव्हाच पैसे भरावेत. एकही दुवा जुळत नसल्यास बेट बदलावे; राखीव रात्र मात्र कमी करू नये.