दुसऱ्या खेपेचे घड्याळ

"पहिल्या वेळी रात्रभर कळा सोसल्या, दुपारी मोकळी झाले. आताच काय घाई?" दिवस भरलेली बाई असे म्हणते तेव्हा तिचा हिशेब पहिल्या खेपेचा असतो, आणि तो दुसऱ्या खेपेला लागू पडत नाही. नेकनूरला स्त्री रुग्णालय आहे. पण आसपासच्या वस्त्यांवरून तिथे यायला वाहन मिळावे लागते, आणि गुंतागुंत झाली तर पुढे बीड किंवा अंबाजोगाई गाठावे लागते. ऊसतोडीला गेलेल्या बाईची कोपी तर परक्या जिल्ह्यातल्या फडाजवळ असते.

हा फरक का पडतो? नव्या सदऱ्याचे काज घट्ट असते, वापरलेले सैल, तसेच काहीसे गर्भाशयमुखाचे आहे. पहिलटकरणीत ते आधी आखडून पातळ होते, मग उघडते. दुसऱ्या वेळी दोन्ही क्रिया बरोबरच चालतात. तळाचे स्नायूही एकदा ताणलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तोंड ५ सेंटिमीटरपासून पूर्ण उघडायला पहिल्या खेपेस सहसा १२ तासांपेक्षा आणि पुढच्या खेपांना १० तासांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. ही वरची मर्यादा झाली. पुष्कळजणी त्याच्या कितीतरी आधी बाळंत होतात.

पहिल्या खेपेला बाळाचे डोके दोन-तीन आठवडे आधीच हाडांच्या कड्यात उतरते. दुसऱ्या वेळी ते बहुधा कळा सुरू झाल्यावरच उतरते. तेव्हा "पोट अजून उतरले नाही" म्हणून निर्धास्त राहू नये. दुसरीकडे खोट्या कळा (१८७२ साली ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टराने वर्णिलेल्या) या वेळी जास्त जाणवतात. मग दवाखान्यातून एकदा परत आलेली बाई पुन्हा निघायला लाजते. खरा धोका या लाजेत आहे.

यावर उपाय साधा आहे. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ कागदावर मांडावा. घड्याळ वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यालाही हे जमेल. खोट्या कळा अनियमित असतात, कूस बदलली किंवा चार पावले चालले की विरतात. खऱ्या कळा बहुधा पाठीतून पुढे येतात, त्यांच्यातले अंतर कमी होते आणि जोर वाढतो. पहिलटकरीण पाच मिनिटांच्या अंतरापर्यंत घरी थांबली तरी सहसा चालते. दुसऱ्या खेपेला दहा मिनिटांवर नियमित कळा आल्या की १०८ला फोन करावा. रक्तमिश्रित चिकट स्राव दिसला तर तयारीत राहावे. पाणी गेले, लाल रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, आधी सिझेरियन झालेले असताना कळा आल्या किंवा सदतीस आठवड्यांआधीच कळा सुरू झाल्या, तर घड्याळ बघत बसू नये, लगेच निघावे.

आणखी एक खूण घरचे हमखास चुकवतात. कळा चालू असताना बाईला अचानक शौचाची भावना होते, ती बाळाच्या डोक्याच्या दाबाने. अशा वेळी तिला बाहेर पाठवू नये. वाटेत असे झाले तर गाडी थांबवावी, बाळ ओढू नये. जन्मताच ते कोरडे पुसून आईच्या छातीवर ठेवून पांघरूण घालावे. नाळ कापण्याचे काम रुग्णवाहिकेतल्या माणसांवर सोडावे.