रॅकेटच्या गटिंगला ताण किती असावा?

नाशिकच्या इंदिरानगरातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये सायंकाळी सरावाला येणारी मुले रॅकेट गटिंगला देताना अनेकदा अठ्ठावीस पौंडांची आणि जमल्यास तीस पौंडांची मागणी करतात. मागणी करणाऱ्याचे मनगट अद्याप पुरते भरलेले नसते, त्याचा टॉस मागच्या रेषेपर्यंत जेमतेम पोहोचत असतो. तरी दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या विजेत्याचा आकडा त्याला आपल्या रॅकेटवर हवा असतो. हा आग्रह मला चिंतेचा वाटतो, कारण ताण वाढवला की फटक्याचा जोर वाढतो, हा त्यामागचा समज पदार्थविज्ञानाच्या कसोटीस उतरत नाही. वस्तुस्थिती त्याच्या उलट आहे.

नियमानुसार ४.७४ ते ५.५० ग्रॅम वजनाचे फूल (शटल) रॅकेटच्या तारांच्या जाळीवर आदळते तेव्हा त्या दोहोंचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरता टिकतो. त्या अवधीत जाळी आत दबते आणि फुलाचे बूचही दबते; परंतु जाळीने साठवलेली ऊर्जा बहुतांशी फुलाला परत मिळते, तर बुचात शिरलेल्या ऊर्जेचा बराचसा अंश उष्णता आणि कंपने यांत खर्ची पडतो. जाळी सैल असेल तर दबण्याचे काम मुख्यतः तिच्याकडे राहते, आणि ती ताठ केली की ते काम बुचाकडे जाते. म्हणून ताण वाढवल्यावर पदरी पडतो तो नेमकेपणा आणि हाताला कळणारा स्पष्ट स्पर्श, आणि त्याबदल्यात थोडा जोर गमवावा लागतो. शिवाय फूल मधोमध बसले नाही तर ताठ जाळी ती चूक सांभाळून घेत नाही. सात्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३ साली ताशी ५६५ किलोमीटर वेगाच्या स्मॅशचा विक्रम नोंदवला, तो वेग खांदा, कोपर आणि मनगट यांच्या क्रमबद्ध फिरण्यातून आलेला होता. ज्याला जोर स्वतःच्या हातातून उत्पन्न करता येतो, त्यालाच तो जाळीकडून न मागण्याची चैन परवडते.

या खेळाच्या पहिल्या नियमांची आखणी १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत झाली, आणि त्याच महाराष्ट्रातल्या सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूर येथे सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात अजिंक्यपद मिळवणारा पहिला भारतीय हा मान संपादन केला. तो जमाना लाकडी रॅकेटचा होता. लाकूड वाकू नये म्हणून खेळ संपताच रॅकेट स्क्रूच्या चौकटीत आवळून ठेवण्याचा शिरस्ता होता, आणि आजचे ताण त्या लाकडाला पेलवणारे नव्हते. नाटेकरांचे नाव निघते ते मनगटाच्या नजाकतीसाठी, आणि पौंडांच्या मागे धावणाऱ्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट कोणीतरी सांगावी असे मला मनापासून वाटते. कार्बन तंतूंची चौकट आल्यावर हे सारे पालटले. चोवीस पौंडांनी ओढलेल्या बावीस उभ्या तारा चौकटीवर मिळून सुमारे २४० किलोंचा भार टाकतात, आणि शंभर ग्रॅमहूनही हलकी रॅकेट तो निमूटपणे सोसते. मात्र या सोसण्याला मर्यादा आहे. ती बहुधा रॅकेटवरच छापलेली असते आणि ती ओलांडण्याचा हट्ट दुकानदाराने मानू नये.

आता असे की, यंत्रावर लावलेला आकडा रॅकेटवर टिकतच नाही. सतत ताणाखाली नायलॉनचे रेणू हळूहळू सरकतात, आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच जाळी जाणवण्याइतकी उतरते. याचा दाखला कानाने घेता येतो. तारेचा नाद ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो, हा मर्सेनने सतराव्या शतकात मांडलेला नियम येथेही लागू पडतो. ताणाचा पाचवा हिस्सा गळाला तर जाळीचा स्वर शुद्ध रिषभावरून षड्जावर यावा, जवळजवळ तितका खाली येतो. नव्या गटिंगचा स्वर ध्यानात ठेवणाऱ्याला जुनी कधी बदलावी हे वेगळे विचारावे लागत नाही.

शिकाऊ खेळाडूने वीस ते बावीस पौंडांवर आरंभ करावा. नियमित खेळणाऱ्याला तेवीस ते पंचवीस पुष्कळ होतात, आणि एका मागच्या रेषेवरून दुसऱ्या मागच्या रेषेपर्यंत टॉस विनासायास जाऊ लागल्यावरच पुढे एकेक पौंड चढावे. नाशिकच्या हवामानाचाही विचार यात केला पाहिजे. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरील येथील हवा मुंबईपेक्षा विरळ असल्याने फूल किंचित लांब जाते, आणि एप्रिल-मेच्या उष्म्यात तर आणखीच, शिवाय नायलॉनही ढिले पडते. तेव्हा उन्हाळ्यात एखादा पौंड जास्त घेण्यास हरकत नाही. याउलट डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा शहरात उतरतो, हवा दाट होऊन फूल मंदावते आणि थंडीने कडक झालेली तार लवकर तुटते, म्हणून त्या दोन महिन्यांत एक पौंड कमी घ्यावा. तार तुटलीच, तर बाकीच्या तारा त्याच वेळी मधोमध कापून टाकाव्यात. नाहीतर एका बाजूने सुटलेला तो भार चौकटीला वाकडी करतो.